घाटाच्या दिव्याची सनद

बहमन ३, १३५१ फसली. सकाळ.
चौकीच्या भिंतीवर निजाम सरकारची हीच तारीख लावलीय, म्हणून हीच लिहिते. सरकारी वही वेगळी आहे, तिच्यात काय लिहायचं ते उस्ताद सांगतात. ही वही माझी.

घाटात दरड कोसळून रस्ता एका गाडीपुरता उरलाय. म्हणून घाटाच्या वर एक चौकी, खाली एक. खालच्या गाड्या चढू लागल्या की वरच्यांनी थांबायचं, वरच्या उतरू लागल्या की खालच्यांनी. चौकीपुढं खांबावर फिरता पत्रा आहे, एक बाजू लाल, एक हिरवी. दिवस कलला की लाल-हिरव्या काचांचा कंदील. हे सांभाळायचं शिक्षण वीस दिवस. मग मोठे साहेब परीक्षा घेणार आणि पास होईल त्याला सनद. सनदेबरोबर नोकरी आणि चौकीमागची खोली.

खोली बघून आले. चुलीचं तोंड चुकीच्या बाजूला आहे, ते मी फिरवणार.

वीस दिवस कशाला लागतात कळत नाही. मला पाच बास.

तीच तारीख, दुपार.
उमेदवार तीन, जागा दोन. तेरखेड्याचा सादिक, हा कंदील दुरुस्त करतो. बेंबळीचा बिरू, हा काहीच करत नाही. आणि मी. आमचे हे या रस्त्यावर मुकादम होते, म्हणून धाराशिवच्या कचेरीनं बाई असून माझा अर्ज घेतला. ते जाऊन तीन वर्षं झाली. ती तीन वर्षं कळंबला वीरप्पाच्या घरी काढली. वीरप्पा भाऊ म्हणून चांगला आहे. त्याची बायको नागम्मा भाकरी वाढताना मोजते, आणि मोजलेलं दिसावं म्हणून ओठ हलवते. निघताना तिला सांगून आले, आता तुझ्या उंबऱ्याला पाय लागला तर महानंदा नाव लावणार नाही. लई बरं वाटलं.

संकल्प केला. इथं कुणावर रागवायचं नाही.

तीच तारीख, संध्याकाळ.
बिरूवर रागावले. चूक त्याची होती. आजचा धरायचा नाही, संकल्प उद्यापासून.

बहमन ४.
आमचे उस्ताद दादामियाँ. साठीचे, दाढी पांढरी, रस्त्याच्या खात्यात जन्म गेला. लई सावकाश बोलतात. एक वाक्य सुरू केलं की माझं पीठ मळून होईल. आज वात कातरणं आणि काच पुसणं. सादिकनं एक काच पुसली तोवर मी तीन पुसल्या. तिसरी गरम होती, ओलं फडकं लागलं आणि तडकली. दादामियाँ म्हणाले, काच निवेपर्यंत थांबायचं असतं. काच विलायतेची होती म्हणे. एवढी नाजूक होती तर तिकडंच ठेवायची.

बहमन ६.
पत्रा रंगवला. आधी लाल बाजू, ती वाळली की हिरवी. वाळायला एक दिवस धरा म्हणाले. या थंडीत एका दिवसात काय वाळतंय, म्हणून वाट न बघता पालथा घालून हिरवी बाजू उरकली. खाली कडबा होता. आता लाल बाजूला कडबा चिकटलाय. लांबून दिसत नाही. जवळून बघायला कोण येतंय.

दादामियाँ जवळून बघून गेले.

बहमन ७.
बिरू पळाला. मेंढ्या आठवल्या म्हणाला. आता दोन जागा आणि दोन माणसं, म्हणजे हिशेब झाला. कळंबला जाणाऱ्या गाडीवानाबरोबर नागम्माला निरोप धाडला की माझं काम झालं, माझं जातं आणि तांब्याची घागर पाठवून दे.

बहमन ९.
आज दंड्याचा नियम शिकवला. हातभर लाकडी दंडा आहे, लाल-हिरवे पट्टे ओढलेला. खालून गाड्या सोडल्या की सगळ्यात शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात दंडा द्यायचा. दंडा वर पोचला की वरच्याला कळतं, घाटात आता कुणी नाही. मग तो त्याच्या गाड्या सोडतो, दंडा त्यांच्या शेवटच्याबरोबर खाली येतो. दंडा हातात आल्याशिवाय पत्र्याची हिरवी बाजू फिरवायची नाही. दादामियाँनी हे चार वेळा सांगितलं. मला पहिल्या वेळीच कळलं होतं.

सादिक वर, मी खाली. उद्यापासून खरं काम.

बहमन १०.
नियम करणाऱ्याला आपली माणसं ठाऊक नाहीत. दंडा घ्यायला कुणी तयार होत नाही. घेतला की तू शेवटचा, आणि शेवटचा म्हणवून घ्यायला कुणाची जात, कुणाचं गाव, कुणाचा बैल तयार नाही. सकाळी दोन गाडीवान हमरीतुमरीवर आले. एकानं दंडा घेतला आणि वळणावर जाऊन झुडपात भिरकावला. सादिक वर दंड्याची वाट बघत बसला, दंडा शोधून वर पोचेपर्यंत त्याच्याकडं वीस गाड्या तुंबल्या.

दुपारी हिंमतराव देशमुखांचा टांगा आला. आला शेवटी, म्हणून दंडा त्यांच्यापुढं धरला. म्हणाले, "देशमुखाच्या हातात शेवटचा दंडा? बाई, तुमचं डोकं ठिकाणावर हाय का?"

मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे. टांगा शेवटी आहे."

मग मागून कुणी यावं म्हणून देशमुख दोन घटका टांग्यात बसून राहिले. कुणी आलं नाही. परत गेले.

दादामियाँ घाट उतरून पायी आले. म्हणाले, "बाई, लोकांना समजावून सांगा. सबुरीनं." समजावून सांगायला एवढी माणसं आणि मी एकटी. सबुरी रिकाम्या माणसाला परवडते.

बहमन ११.
युक्ती सापडली. गोरोबा कुंभार रोज गाढवांवर मडकी घालून घाट चढतो. गाड्यांचा धक्का लागून मडकी फुटू नयेत म्हणून तो आपण होऊन सगळ्यांच्या मागं राहतो. त्याला म्हटलं, दंडा तू ने. म्हणाला, "आणा, आक्का. म्या तसाबी मागंच असतुया."

वर मडकी उतरवतो आणि दंडा घेऊन वरच्या गाड्यांमागनं खाली येतो. आज सहा खेपा झाल्या, एक भांडण नाही. ही अक्कल दादामियाँना चाळीस वर्षांत सुचली नाही.

बहमन १४.
सगळं घड्याळासारखं चाललंय. गोरोबा आता दिवसभर इथंच असतो, मडकी त्याचा भाऊ विकतो. मी त्याला भाकरी आणि कारळाची चटणी देते. बसल्या बसल्या तो काच राखेनं पुसतो. कुंभाराची राख लई बारीक, काच पाण्यासारखी झाली. पत्र्यावरचा कडबा त्यानंच खरवडून काढला आणि लाल रंगाचा हात फिरवला. वाळेपर्यंत तीन दिवस त्याच्याकडं नुसता बघत होता. असली माणसं कशी जगतात.

मी देखरेख करते. देखरेखही शिकावीच लागते, ती सगळ्यांना जमत नाही. दुपारी अंमळ लवंडते.

बहमन १६.
गोरोबा फार विचारतो. पत्रा इतकाच उंच का, वळणाच्या अलीकडं किती पावलं, धुकं असलं तर काय करायचं. म्हटलं, तुला काय करायचंय. तर गेला दादामियाँकडं. त्यांनी त्याला खांबाजवळ बसवून तासभर सांगितलं. उस्तादांचा वेळ वाया घालवल्याबद्दल मी गोरोबाला बोलले. दादामियाँ हसले. म्हातारपणी माणूस उगीच हसतो.

बहमन १७.
नवल घडलं. गोरोबाच्या एका गाढवाचा पाय दुखावला म्हणून तो खालीच थांबला, आणि हिंमतरावांचा टांगा पुन्हा शेवटी. मी दंडा घेऊन उठणार तेवढ्यात गोरोबा पुढं झाला. त्यांना विचारलं, देशमुख, घरातली समदी माणसं बाहेर पडली की कडी कोण लावतं? देशमुख म्हणाले, मी. गोरोबा म्हणाला, "मग लावा की घाटाला कडी. ह्ये काम घरधन्याचंच."

देशमुखांनी दंडा मांडीवर आडवा घेतला आणि तलवार घेतल्यागत घाट चढून गेले. त्यांच्यामागं आलेल्या दोघांनी आम्हाला का नाही म्हणून विचारलं. संध्याकाळपर्यंत दंड्यासाठी रांग.

माझा धाक बसला म्हणायचा. परवा मी त्यांना स्पष्ट बोलले होते ते कामी आलं.

बहमन १९.
नागम्मानं जातं पाठवलं नाही, घागर पाठवली नाही. उलट निरोप धाडला की सनद हातात पडली का. तिला परत निरोप दिला की परीक्षा झाली की ये आणि डोळ्यांनी खोली बघून जा. खोली गोरोबाकडून सारवून घेतली, चुलीचं तोंडही फिरवून घेतलं. धूर आता आत येतो. वाऱ्याची दिशा बदलेल.

बहमन २१.
उद्या परीक्षा. दादामियाँनी बजावलं, नियम सगळे म्हणून घ्या. गोरोबाला म्हटलं, तू उद्या येऊ नकोस, साहेबापुढं गाढवं शोभत नाहीत. बरं म्हणाला. मग दारात उभा राहून म्हणाला, आक्का, दंडा आल्याबिगार हिरवं फिरवू नका. मला शिकवतो. हसूच आलं.

बहमन २२. परीक्षा. दुपार.
साहेब मोटारीनं वर सादिककडं उतरले. ठरलं असं की वरच्या गाड्या सुटतील, शेवटी साहेबांची मोटार, दंडा मोटारीत. तो माझ्या हातात आला की मी हिरवी बाजू फिरवायची आणि खालच्या गाड्या सोडायच्या. काही अवघड नाही.

वरच्या गाड्या उतरल्या. मोटार नाही. थांबले. माझ्याकडं अकरा गाड्या उभ्या, बैल पाय आपटतायत, गाडीवान मला विचारतायत, बाई, अजून किती? आणखी थांबले. कुणाला वाटेल मी थांबले नाही, पण मी लई थांबले. मोटार काही येईना. मग मनाशी म्हटलं, साहेबमाणूस, वर चहाला बसला असणार, सादिककडं चहा असतोच. उगीच अकरा गाड्या का ताटकळत ठेवायच्या. पत्रा फिरवला.

साहेब चहाला बसले नव्हते. मोटारीत पाणी घालत होते.

मोटार आणि अकरा गाड्या मधल्या वळणावर समोरासमोर आल्या. इकडं डोंगर, तिकडं दरी. एका गाडीचं चाक कडेला अर्धं बाहेर गेलं, करडईची दोन पोती दरीत. माणसाला, बैलाला काही झालं नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

गोरोबा पलीकडं पिंपळाखाली बसला होता. येऊ नको सांगितलं होतं तरी आला होता. धावत वर गेला. शेवटच्या गाडीपासून सुरुवात करून एकेक गाडी उलटी मागं घेतली, प्रत्येक बैलाच्या तोंडाला स्वतः धरून. कुणावर आवाज चढवला नाही. तासभर लागला. मी चौकी सोडली नाही, कारण चौकी सोडायची नाही असा नियम आहे.

संध्याकाळ.
मग साहेबांनी तोंडी विचारलं. दंडा आला नाही तर काय कराल? म्हटलं, वाट बघीन. किती वेळ? म्हटलं, माणसानं बघावी तेवढी. साहेबांनी काही लिहून घेतलं. पुढं गोरोबाशी बराच वेळ बोलत उभे होते, खांब दाखवून, काच दाखवून. माझ्याबद्दलच विचारत असणार. गोरोबा माणूस इमानी आहे, चांगलंच सांगेल.

बहमन २३.
साहेब जाताना गप्प होते. खूश असलेला माणूस गप्पच असतो. नाखूश असते तर बोलले असते.

बहमन २५.
धाराशिवहून कागद आला, उर्दूत. दादामियाँनी वाचला. वरची चौकी, सादिक. खालची चौकी, गोरोबा कुंभार.

मी म्हटलं, पुन्हा वाचा. पुन्हा वाचला. म्हटलं, त्यानं अर्ज तरी केला होता का. दादामियाँ म्हणाले, साहेबांनी त्याच दिवशी करून घेतला, अंगठ्यावर. मी दुसरीपर्यंत शिकलेली आणि सनद अंगठ्याला.

मी बरंच बोलले. दादामियाँ सगळं ऐकेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "बाई, पत्रा रंगवणं, वात कातरणं हे कुणालाही शिकवता येतं. थांबणं मला शिकवता आलं नाही. कसूर माझा."

त्यांनी माझ्यावर ढकललं असतं तर बरं झालं असतं.

बहमन २६.
बोचकं बांधलं. सोडलं. कळंबची वाट धरायची म्हणजे नागम्माचा उंबरा. तिला दोन निरोप गेलेत. परवापर्यंत ती इथं खोली बघायला येईल. पुन्हा बोचकं बांधलं.

गोरोबा दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. म्हणाला, "आक्का, मला गावात घर हाय. खोली घिऊन म्या काय करू. तुमी ऱ्हावा. दिव्याच्या कामाला एक माणूस लागंल, म्या दादामियाँस्नी इचारलंय."

म्हटलं, म्हणजे तुझ्या हाताखाली. तो म्हणाला, दिव्याच्या हाताखाली म्हणा. सहा महिन्यांनी परत परीक्षा आहे.

विचार करून सांगते म्हटलं. बराच विचार केला. त्याला दारात उभं ठेवलं होतं, एवढ्यात हो म्हणायचं नाही असं ठरवलं होतं. तो उभाच राहिला. जायचं नाव घेईना. शेवटी मीच कंटाळले आणि हो म्हणून टाकलं.

दादामियाँ म्हणाले, गोरोबा आता सरकारी दिवेदार आहे, त्याला अरेतुरे करू नका. बघू.

बहमन २७. सकाळ.
कंदिलाची काच पुसली. गोरोबांनी उजेडाला धरून बघितली. म्हणाले, आक्का, कड राहिली, पुन्हा पुसा.

पुसली.