डिश मोहाखाली काऊन ठेवली?

प्रांजूचे बाबा,

मी पयल्या गाडीनं चंद्रपूरले चालली. तुमी वावरातल्या जागलीवरून येईपर्यंत थांबली असती तं गाडी हुकली असती.

काल नर्सच्या जागेसाठी माही नेटवर मुलाखत होती, तुमाले मालूम होतं. मॅडमनं पयलाच प्रश्न विचारला अन् नेट गेलं. मी नुसती "हॅलो, हॅलो" करत बसली. बाहेर येऊन पाह्यलं तं पत्र्यावरची डिश मोहाच्या झाडाखाली! उपग्रहाच्या नेटले मोकळं आभाळ लागते, हे बसवणाऱ्यानं तुमच्यासमोरच सांगितलं होतं. वरून म्हणता, "माकडं तोडतीन म्हणून खाली घेतली." गावात माकडं कालच आले का? आईसमोर तमाशा नको म्हणून मी फोन घेऊन सरळ टेकडीवर गेली.

तिथून फोन लावला, तवा मॅडम म्हणाल्या, "उद्या दुपारी इथंच येऊन भेटा." म्हणून चालली.

भात झाकून ठेवला आहे, अंबाडीची भाजी गरम करून घ्या. आईले बीपीची गोळी जेवल्यावरच द्या. प्रांजूची वेणी घाला, तिले मोकळ्या केसानं शाळेत धाडू नका.

नोकरी लागली तं मले तिकडंच खोली करून राहा लागन. तुमाले तेच नाई पायजे, हे मले समजते. तोंडानं बोलले असते तं बरं झालं असतं. आता डिश पत्र्यावर चढवा. पोरगी रोज फोनवर मायचं तोंड पाहाची जिद्द करन, तवा तिले काय सांगान, माकडं आले म्हणून?

मोनाली