राजाच्या वतीने एक पाय

१८ ऑक्टोबर, संत ल्यूकचा सण

महाराजांचं लग्न झालं! महाराज इथेच होते, भाजलेला बगळा खात. समुद्रापलीकडे नवरीच्या पलंगावर त्यांच्या वतीने सरदार फुल्क आडवे झाले — अंगात चिलखत, उजवा पाय तेवढा गुडघ्यापर्यंत उघडा. पाय नवरीच्या चादरीत गेला, तिकडच्या बिशपांनी प्रार्थना म्हटली, झालं लग्न. आता राणी इथे आली की मेजवानी.

फुल्क परतल्यापासून त्या पायाचा थाट बघावा! बसले की त्याला वेगळी उशी. स्वयंपाकघरातली मेबल म्हणते, "जिना आधी राजाचा पाय चढतो, मागून फुल्क."

२१ ऑक्टोबर

महाराजांना लग्नाचा झटका आलाय. राजवाड्यातल्या सगळ्या विधवांना रांगेत उभं केलं. "राणी येईल त्याच दिवशी तुमचीही लग्नं!" मला कोण? फुल्क.

"आमच्या पायाला जपा हं, आविसबाई," महाराज म्हणाले. सगळे खिदळले. मी वाकून नमस्कार केला. माझ्या नवऱ्याची, हॅमोची जमीन राजाने दिलेली, म्हणून हॅमोची बायकोही राजाने द्यायची. नाही म्हणायची सोय नाही.

२२ ऑक्टोबर

हॅमो असता तर खोकला लागेपर्यंत हसला असता.

२८ ऑक्टोबर

फुल्क भेटायला आले. नासपती घेऊन. पाय माझ्या चादरींच्या गठ्ठ्यावर ठेवला. मी घड्या घालत राहिले. घालता घालता विचारलं, "तिकडे पाय गारठला नाही?"

"छे! तसल्या थंडीत मोजा काढतंय कोण?"

मग स्वतःच तोंडावर हात! "बाई, बोलू नका कुठे. बिशप म्हातारे, त्यांना माझं तोंडसुद्धा दिसत नव्हतं. पण महाराजांना कळलं तर मान जाईल माझी."

मी नाही बोलणार. मान गेली तर लग्न टळेल, हेही मनात आलं. आलं तर आलं.

२ नोव्हेंबर, मृतांचा दिवस

हॅमोच्या थडग्याशी मेणबत्ती लावली. अक्षरं मी चर्चमधल्या थडग्यांवरून एकटीच शिकले. आता भराभर वाचते. त्याचं नाव मात्र अजून बोट फिरवत, सावकाश.

मागे फुल्क उभे होते. कधीचे, कोण जाणे.

"तुम्हाला लग्न नकोय."

"नकोय."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुमच्या पायाला तरी कुणी विचारलं होतं?"

ते वळले आणि निघून गेले.

३ नोव्हेंबर

भर दरबारात फुल्कनी सांगून टाकलं!

महाराज किंचाळले, "म्हणजे माझं लग्न मोज्याशी झालं?"

आमच्या बिशपांनी डोळे मिटून विचारलं, "मोजा तलम की जाड?"

"जाड. लोकरीचा."

"मग नाहीच झालं."

मान वाचली ती पायामुळे. दुसऱ्या कुणाचा पाय नेला तर नवरीला संशय येईल म्हणे! शिक्षा एवढीच — परत जायचं, परत झोपायचं. राणीचं येणं लांबलं, आमची लग्नंही. मेबल ओरडतेय, "पिसं उपटलेल्या हंसांना मी ती पुन्हा चिकटवू का?"

मला माहीत आहे ते कुणासाठी बोलले.

१० नोव्हेंबर

जहाज उद्या. फुल्क निरोप घ्यायला आले. महाराजांचा हुकूम — विसर पडायला नको, उजवा पाय इथूनच उघडा! गुडघा निळा पडलाय.

"याही वेळी काही चुकलं तर?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणत असाल तर चुकवतो."

"आणि मान गेली तर?"

"पाय राहील की. त्याचीच तर गरज आहे सगळ्यांना."

हसले मी. मोठ्याने. हॅमो गेल्यापासून पहिल्यांदा. मग आत जाऊन रडले.

११ नोव्हेंबर, संत मार्टिनचा सण

हॅमोचे लोकरी मोजे पेटीतून काढले. डावा फुल्कना दिला. म्हटलं, या खेपेला चुकवू नका.

उजवा माझ्याकडेच आहे, ते परतेपर्यंत.