कंदील

तुला,

‘प्रिय’ लिहिलं होतं, खोडलं.

आज दुकानात कापड बेतत होते, तेवढ्यात तुझ्या नव्या मैत्रिणीचा फोन आला. या दोरीच्या खेळात बांधून घेण्याआधी माणसाच्या जुन्या जोडीदाराकडे चौकशी करायची, ही रीत तुला मीच शिकवली होती. भोगते आता.

“ताई, तो आधी सगळं नीट विचारतो ना?” म्हणाली. ताई म्हणे. अंगाचा नुसता तिळपापड झाला. खोटं अगदी ओठांवर आलं होतं, पण खरं तेच सांगितलं. समोर बसून विचारतो, काय चालेल, काय अजिबात नाही. दुखरा खांदा लक्षात ठेवतो. थांबायचा शब्द आधी ठरवतो आणि तो कानावर पडला की तिथल्या तिथे थांबतो.

“आमचा ‘कंदील’ ठरलाय,” ती लाजत म्हणाली.

माझी कात्री वाकडी गेली. तो आपला शब्द होता, मेल्या. दुसरा सुचला नाही तुला?

तू बॅग घेऊन जिना उतरत होतास, तेव्हा मी वरून ‘कंदील’ म्हणाले होते. चांगलं मोठ्याने. तू थांबला नाहीस.

एवढं मात्र तिला सांगितलं नाही.

आता कुणाचीतरी ताई