तैमीमावशींच्या खिडकीतलं तळं

तैमीमावशी,

हे पत्र पेटीत टाकायची हिंमत होणार नाही, म्हणूनच खरं लिहितो.

माझं घर बांधायला सगळी पिस्पाला वस्ती आली होती, त्या दिवशी दुखऱ्या गुडघ्यानं तुम्हीही फळ्या घेऊन टेकडीच्या पायऱ्या चढलात. म्हणालात, "आर्मास, एका मजल्याला एवढ्या फळ्या? गिरणी काढतोस की काय?" मी म्हणालो, "उरतील त्या सरपणाला." दुसरा मजला तेव्हाच डोक्यात होता. तो चढला आणि तुमच्या खिडकीतलं तळं झाकलं गेलं, तुम्हीच वाहिलेल्या फळ्यांनी. ही टेकडी हिमयुगातल्या बर्फानं आणून टाकलेली, तळंही त्यानंच कोरलेलं. तळं काय माझ्या बापाचं होतं?

सुलोकाका त्याच खिडकीशी बसून आपली जुनी, ओंडके ओढणारी बोट वेल्लामो जाताना बघायचे. तुम्ही दोघांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाहीत. शनिवारी वस्तीच्या सौनात, त्या वाफेच्या न्हाणीघरात, काका सरकून मला जागा द्यायचे आणि विचारायचे, "तुला वरून दिसतं ना रे? आमची वेल्लामो गेली का?"

"गेली की काका! मागे ही लांबलचक ओंडक्यांची रांग."

मी वर जाऊन कधी बघितलंच नव्हतं, मावशी. त्या खोलीत मी बटाटे ठेवतो.

काकांना पुरून आल्यावर कॉफी पिताना त्यांचा जुना खलाशी म्हणाला, "वेल्लामो दोन वर्षांपूर्वीच भंगारात काढली. शेवटचा भोंगा सुलोनंच वाजवला."

म्हणजे दोन वर्षं ते माझं खोटं ऐकत होते. आणि दर शनिवारी सरकून जागा देत होते.

खालच्या घरातला,
आर्मास