गप्पांच्या बाकावरची समाजसेवा

सोमवार, ३ मार्च
कौन्सिलने आमच्या लायब्ररीसमोर पिवळा बाक ठेवलाय. वर पाटी: इथे बसा, कोणीतरी बोलायला येईल. नॉटिंगहॅमच्या या टोकाला एकट्या म्हाताऱ्यांचा सुकाळ. पोस्ट ऑफिस गेलं, बँक गेली, पबला फळ्या ठोकल्या. माणसांनी बोलायचं कुठे? उद्यापासून रोज बसणार. निव्वळ समाजसेवा. मला स्वतःला गरज नाही. बायको, मार्जरी, जाऊन दोन वर्षं झाली, पण माझा दिवस भरगच्च असतो.

बुधवार, ५ मार्च
कोणी नाही. एक कुत्रं आलं, मालकिणीने ओढून नेलं. लोक बुजतात. लायब्ररीतली बर्नाडेट म्हणाली, हार्टशॉर्नसाहेब, आत येऊन बसा, हीटर लावलाय. पोरीला समाजसेवेतलं काही कळत नाही.

गुरुवार, १३ मार्च
पहिलं गिऱ्हाईक! टॅन्सलीबाई. लॉन्ड्रीच्या वर राहतात, विधवा. बसू का, म्हणाल्या. त्यांना आमच्या तुंबलेल्या गटाराची हकीकत पहिल्यापासून सांगितली. मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. बाईंचं मन हलकं झालं असणार. उठताना म्हणाल्या, माझ्या हृदयाचं एक छोटंसं ऑपरेशन आहे... म्हटलं, हवा बदलली की सगळं बरं होतं.

गुरुवार, २० मार्च
बाई परत हजर. लिंबाच्या केकचा डबा घेऊन! खास माझ्यासाठी. म्हणाल्या, तुम्हाला त्रास नको हो, सहज विचारते, मंगळवारी काय करता? मी सावध झालो. मंगळवारी कामात असतो, म्हटलं. त्या घाईघाईने म्हणाल्या, छे छे, विशेष काही नव्हतं. केक उत्तम.
रात्री आरशात नीट पाहिलं. पंच्याहत्तरीचा वाटत नाही.

गुरुवार, २७ मार्च
आज कहर झाला. (नवा शर्ट घातला होता, हा योगायोग.) बाई समोरच्या बसस्टॉपकडे बघत म्हणाल्या, हॉस्पिटलवाले फार कडक हो. त्याच दिवशी घरी सोडतात, पण न्यायला माणूस लागतो. शिवाय रात्रभर घरात कोणीतरी हवं, नाहीतर ऑपरेशनच करत नाहीत. दोन तारखा अशाच गेल्या. आता येत्या मंगळवारची दिलीये. मग अगदी हळू म्हणाल्या, माझा सोफा तसा मोठा आहे. आणि लाल झाल्या.
रात्रभर! सोफा! काय एकेक युक्त्या काढतात. मी त्यांचा मान राखून सांगितलं, टॅन्सलीबाई, माझं मन अजून मार्जरीपाशीच आहे. बाई गडबडीने उठल्या. मग म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं, माफ करा हं. समजूतदार बाई. इतका नाजूक प्रसंग मी चांगलाच सावरला.

गुरुवार, ३ एप्रिल
आल्या नाहीत. रुसल्या असणार. येतील. डबा धुऊन ठेवलाय.

गुरुवार, १० एप्रिल
डबा घेऊन बसलो. पाऊस. नाही आल्या. ठरवलंय, आल्या की मागचा विषय काढायचा नाही. फार तर चहाला बोलवायचं. नुसता चहा. मार्जरीची हरकत नसती.

सोमवार, १४ एप्रिल
बर्नाडेट बाहेर येऊन बाकावर बसली. पहिल्यांदाच. म्हणाली, टॅन्सलीबाई शनिवारी गेल्या. लॉन्ड्रीतून कपडे घेऊन वर चढताना, जिन्यातच. तिसरी तारीखही हुकली होती, न्यायला कोणी मिळालं नाही. म्हणाली, मी गेले असते हो, पण त्यांची सोय झाली नाही हे मला कळलंच नाही. त्या म्हणायच्या, बाकावर एका सद्गृहस्थांची ओळख झालीये, त्यांनाच विचारते. विचारलं का तुम्हाला?
म्हटलं, स्पष्ट असं काही नाही.
ती रडत होती. डबा माझ्या मांडीवर होता. तो कोणाला परत करायचा, हे तिला विचारायचं होतं, पण नुसतं झाकण उघडून परत लावलं.
मग नाक पुसत म्हणाली, त्यांचं कोणीच नाही. अंत्यविधीला आपण दोघंच असू. पुढच्या मंगळवारी ठेवलाय. पण मंगळवारी तुम्ही कामात असता ना? बाई म्हणाल्या होत्या.
म्हटलं, नाही. मंगळवारी मला काहीच नसतं.