हिंमतरावमामांच्या डोळ्यातला मांजा

तरसाली, बडोदे
रविवार, २३ फेब्रुवारी १९९७

तीर्थस्वरूप थोरल्या काकूंच्या पायांवर प्रतापचं डोकं.

इकडे सगळं ठीक आहे, असं आधी लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुमचे गुडघे कसे आहेत? रहिमतपुरात थंडी अजून असेल, तेल चोळत जा. मी गोरव्याच्या कारखान्यात अजून टिकून आहे. (हा सलग अकरावा महिना. याआधी कुठे किती दिवस टिकलो ते तुम्हाला तोंडपाठ आहे, पुन्हा म्हणून दाखवू नये.) वेल्डिंगचं काम आहे आणि सगळे मला परतापभाई म्हणतात. आठवीत दोनदा बसून न उठलेल्या माणसाला इतका मान रहिमतपुरात मिळाला नसता, म्हणून तर मी तिथून उठलो.

मला इकडे पाठवताना तुम्ही सांगितलं होतं, की माझ्या भावाच्या घरी राहतोस तर त्याच्याकडे जरा लक्ष ठेव. त्याप्रमाणे ठेवलं. तुमचे बंधू म्हणजे आपले हिंमतरावमामा यांना बारा वर्षांपासून साखरेचा आजार आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, पण ते हा आजार कसा सांभाळतात हे ठाऊक नसावं. रक्त तपासायची तारीख ठरली की मामा तीन दिवस आधीपासून मुगाच्या पाण्यावर राहतात. चौथ्या दिवशी सकाळी रक्त देतात आणि तिथूनच रिक्षा करून मांडवीला फाफडा-जलेबी खायला जातात. रिपोर्ट मात्र सोन्यासारखा येतो, तो ते सोसायटीत चार घरी दाखवून येतात. मामी एकदा म्हणाल्या की अहो, ही परीक्षा डॉक्टरची आहे की तुमची. मामा म्हणाले, आमचे पणजोबा गायकवाड सरकारच्या रिसाल्यात होते, आमच्या घराण्यात परीक्षेत कुणी नापास झालेलं नाही. (बोलताना माझ्याकडे बघितलं नसतं तरी चाललं असतं.)

त्यात दोन वर्षांपूर्वी श्रीपतराव आले. हे दांडिया बाजारातले निवृत्त मास्तर, मामांचे जुने स्नेही, झोपाळ्यावर बसून होमिओपॅथीच्या गोळ्या देतात. माणूस फार सज्जन. पहिल्या दिवशी त्यांनी मामांना दीड तास प्रश्न विचारले. कोणत्या कुशीवर झोपता, आंबट आवडतं का, वीज कडाडली की भीती वाटते का, सकाळी उठल्यावर मन उदास असतं का. मामा घरी आले ते वेगळेच माणूस होऊन. मामींना म्हणाले, चाळीस वर्षं संसार केला, पण मी कोणत्या कुशीवर झोपतो हे तू एकदा तरी विचारलंस का. मामी म्हणाल्या, विचारायचं काय, घोरणं ज्या बाजूने येतं ती कूस. तर गोळ्या सुरू झाल्या. त्या गोड असतात. साखरेच्या आजाराला गोड औषध निघालं म्हटल्यावर मामांची त्या शास्त्रावर जी श्रद्धा बसली, ती देवावरसुद्धा नसेल. श्रीपतरावांनी कच्चा कांदा आणि कॉफी वर्ज्य सांगितली, ती मामांनी त्याच दिवशी सोडली. जलेबीबद्दल ते काही बोलले नाहीत, म्हणजे ती चालते असा मामांनी अर्थ घेतला. आणि डॉक्टरांनी दिलेल्या साखरेच्या गोळ्या स्वतःच्या अकलेने बंद करून टाकल्या. दोन फौजा एका किल्ल्यावर पाठवल्या तर त्या आपसातच लढतात, असं त्यांचं म्हणणं.

आता उत्तरायणचं सांगतो. तुम्ही बडोद्याच्याच लेक, संक्रांतीला इथे घरात कोण राहतं हे तुम्हाला काय सांगायचं. आम्ही सकाळपासून गच्चीवर, म्हणजे इथल्या भाषेत धाब्यावर. मामा पतंग उडवत नाहीत, ते मांजा धरतात. म्हणजे कुणाचा पतंग कापला की धाब्यावरून वाहत जाणारा मांजा हवेतल्या हवेत पकडायचा, यात तरसालीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही. सकाळी अकराच्या सुमारास ते एकदम म्हणाले, प्रताप, आला बघ, काळा मांजा आहे. आणि हात मारला. हातात काही नाही. पुन्हा मारला, पुन्हा काही नाही. मला तर मांजा दिसतच नव्हता. मामा म्हणाले, तुमच्या पिढीची नजरच मेलेली, हा काय नाकासमोरून चाललाय. ते उजवीकडे वळले तर मांजा उजवीकडे, वर बघितलं तर मांजा वर. दोन तास माणूस मांजा धरत होता. शेजारच्या धाब्यावरचे पटेलकाका मला म्हणाले, हिंमतभाई आज नवा गरबा बसवतायत वाटतं. शेवटी मामा पाण्याच्या टाकीवर बसले आणि हळूच म्हणाले, डोळे मिटले तरी तो जात नाहीये रे. आणि आता मांजा नाही, धूर झालाय.

काकू, तेव्हा मी हसलो होतो, ते तुम्हाला खरं सांगून टाकतो.

त्यानंतर आठ दिवस मामांनी हे कुणाला कळू दिलं नाही आणि मलाही बोलू दिलं नाही. उष्णता म्हणून गुलाबपाणी घातलं. पेपर वाचायचं सोडलं आणि कारण सांगितलं की हल्ली त्यात वाचण्यासारखं काही येत नाही. पण एका सकाळी त्यांनी चहा बशीच्या शेजारी ओतला, आणि मामींनी टेबल पुसता पुसता मला एवढंच म्हटलं, उद्या रजा टाक.

डोळ्यांच्या दवाखान्यात (नाव लिहीत नाही, रावपुऱ्यापासून जवळ आहे) गर्दी होती. आत एकेकाला भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावत होते आणि दार उघडंच होतं. मामांनी आधीच्या सहा पेशंटांचं ऐकून तक्ता पाठ केला. त्यांचा नंबर आला तेव्हा धाडधाड खालच्या ओळीपर्यंत म्हणून दाखवला. डॉक्टरीणबाई गुजराती, वयाने लहान, आवाज अगदी मऊ. त्या म्हणाल्या, सरस, काका, आता तीच ओळ उजवीकडून डावीकडे वाचा. मामांनी ती पुन्हा डावीकडून उजवीकडेच म्हटली. घराण्यात पहिल्यांदा कुणीतरी नापास झालं.

मग बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले आणि अर्धा तास डोळे मिटून बाकावर बसायला सांगितलं. त्या बाकावर सगळेच डोळे मिटून बसलेले, जणू भजनाला. मामांना गप्प बसवेना. शेजारी मिटल्या डोळ्यांचे एक गृहस्थ होते, त्यांना मामा सांगू लागले की हे सगळं थोतांड आहे, मी घरच्यांच्या समाधानासाठी आलो. माझं औषध आमच्या श्रीपतरावांचं, हा माणूस असल्या दवाखान्याची पायरी कधी चढणार नाही. शेजारच्या गृहस्थांनी हं म्हटलं आणि तोंड भिंतीकडे केलं. ते गृहस्थ श्रीपतरावच होते. मी समोर उभा, माझे डोळे उघडे, आणि त्यांनीही एक डोळा किलकिला करून मला बघितलं. शाळेत मास्तरांनी मला अनेकदा पकडलं, पण मी मास्तरांना पकडायची ही पहिलीच वेळ. त्यांनी हात जोडले. मी गप्प राहिलो.

बाईंनी तपासून जे सांगितलं ते मला कळलं तसं लिहितो. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो, त्यावर केसापेक्षा बारीक रक्तनळ्या. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की त्या नळ्या जुन्या पाइपासारख्या झिरपायला लागतात, काही बंद पडतात. दुखत नाही, खुपत नाही, माणसाला वाटतं आपलं उत्तम चाललंय. मग डोळा आपली सोय म्हणून नव्या नळ्या फोडतो, पण त्या अगदी हलक्या मालाच्या, जरा कशाने फुटतात. मामांच्या उजव्या डोळ्यात ती फुटली होती. मांजा म्हणजे रक्ताचा धागा. डाव्या डोळ्यात पडद्याच्या मधोमध सूज होती. उपाय लेझरचा, म्हणजे प्रकाशाने पडद्यावर बारीक बारीक डाग द्यायचे, म्हणजे नव्या नळ्या सुकतात. गेलेली नजर त्याने परत येईलच असं नाही, असलेली राखता येते. उशीर केला तर तीही नाही. आणि साखर खरोखर ताब्यात हवी, फक्त रिपोर्टातली नव्हे. मी म्हटलं, बाई, हे तर स्पॉट वेल्डिंग झालं. त्या म्हणाल्या, बराबर. काकू, आयुष्यात पहिल्यांदा मला डॉक्टरचं बोलणं पूर्ण कळलं आणि मी खुशीत मामांना ते समजावून सांगितलं. तिथेच घोळ झाला. मामा उठले आणि म्हणाले, माझा डोळा म्हणजे काय गोरव्याचा पत्रा आहे? बाहेर आले तर थेंबांमुळे उन्हात काहीच दिसेना. ते रस्त्यात मोठ्याने म्हणाले, बघा, आत जाताना दिसत होतं, यांनी आंधळा करून पाठवलं.

चार दिवसांनी श्रीपतराव स्वतः घरी आले. म्हणाले, हिंमतराव, मलाही साखर आहे, मी दर वर्षी पडदा तपासून घेतो. माझ्या गोळ्यांनी तुम्हाला झोप लागली असेल, मन हलकं झालं असेल, पण फुटलेली रक्तनळी त्यांनी बंद होत नाही. आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा असं मी कधी म्हटलं होतं? मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते गेल्यावर म्हणाले, ज्याचा स्वतःच्या औषधावर विश्वास नाही त्याचं मी काय ऐकू. म्हणजे आता मामा डॉक्टरीणबाईंचंही ऐकेनात आणि श्रीपतरावांचंही. श्रीपतरावांच्या गोळ्यांवरची श्रद्धा मात्र शाबूत. मामी दोन दिवस बोलल्या नाहीत, मामांनी त्याला शांतता म्हटलं.

असा एकूण प्रकार आहे. तुम्ही काळजी करू नये. घरातल्या लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, आणि माझ्याबद्दल कुणी विचारलं तर अकरावा महिना चालू आहे हे जरूर सांगावं.

तुमचा पुतण्या,
प्रताप

ता. क. : एक लिहायचं राहिलं. मामांचा लेझर झाला. उजव्या डोळ्याचा, गेल्या सोमवारी. ते कसे गेले म्हणाल तर तुमचं पत्र आलं म्हणून गेले. तुम्ही असं कोणतंही पत्र लिहिलेलं नाही हे मला ठाऊक आहे. मामा जगात फक्त तुम्हाला भितात आणि हल्ली त्यांना अक्षर लागत नाही, या दोन गोष्टी मी एकत्र आणल्या. कारखान्यातला रजेचा अर्ज हातात धरला आणि तुमचं पत्र म्हणून मोठ्याने वाचला. तुम्ही फार चांगलं लिहिलं होतं. चिरंजीव हिंमतराव यांस आशीर्वाद, वडिलांच्या मागे मी तुला वाढवलं ते आंधळा बघायला नाही, मुकाट्याने जाणे. मामींनी तो कागद माझ्या हातून घेतला, वरपासून खालपर्यंत बघितला (त्यांना वाचता येतं), आणि म्हणाल्या, वन्संनी बरोबर लिहिलंय. शेवटी जलेबीबद्दलही दोन ओळी आहेत, त्या तू गाळल्यास. मग मी त्याही वाचल्या. तरी कृपा करून असं एक पत्र आपल्या हातांनी लिहून लगेच पाठवावं, कारण बाई म्हणतात रक्त हळूहळू निवळेल, आणि मामांनी तो रजेचा अर्ज देव्हाऱ्यात जपून ठेवला आहे.

ता. क. दुसरा : वरचं लिहून झालं तेवढ्यात मामा झोपून उठले आणि म्हणाले, ताईला लिहितोयस तर माझंही चार ओळी उत्तर घाल. ते सांगतील तसं लिहितो, यात माझा एक शब्द नाही.

"ताई, तुझं पत्र मिळालं. तू मला साठ वर्षं हिंमत्या म्हणतेस, या वेळी चिरंजीव हिंमतराव झालो, म्हणून तुझ्या तब्येतीची काळजी वाटली. तरी गेलो. लाज झाकायला तेवढा कागद पुरला. फार भ्यालो होतो, हे प्रतापला कळू देऊ नकोस. डाव्या डोळ्याची तारीख दहा मार्च आहे. तुझं पत्र आल्याशिवाय मी जाणार नाही. ते लवकर टाक आणि या वेळी तूच लिही."