बटणाचे गिअर

साकेत नगर, भोपाळ
१४ सप्टेंबर २०२५

ती. शालिनीआत्यास,
मंजूषाचा शि. सा. नमस्कार.

"हँडल घट्ट धरू नकोस गं, सायकल काही पळून जात नाही," असं तू मला उज्जैनच्या शाळेच्या मैदानावर म्हणाली होतीस. मी तिसरीत होते, तू तिथली खेळाची शिक्षिका होतीस आणि तुझ्या गळ्यात शिट्टी होती. परवापासून ते वाक्य डोक्यात फिरतंय. फोनवर बोलले असते, पण त्यात तुला नीट ऐकू येत नाही आणि तू प्रत्येक प्रश्नाला "हो हो, जेवले" म्हणतेस. म्हणून पत्र.

बातमी अशी की फेब्रुवारीत मला लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनला उतरायचं आहे. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, सगळं एका दमात. हसू नकोस. सायकल नवी घ्यायची आहे आणि इथेच माझी मती गुंग झाली आहे. एक असते साधी शर्यतीची सायकल. दुसरी खास ट्रायथलॉनची. तिच्यावर पुढे ओणवं होऊन कोपरं गादीवर टेकायची आणि पुढे आलेल्या दोन दांड्या नुसत्या धरायच्या. मग गिअर. तारेचे असतील तर बोटांनी खटका रेटावा लागतो. बॅटरीचे असतील तर बटणाला नुसता स्पर्श करायचा, मागे छोटी मोटर साखळी हलवते.

विश्वनाथने तक्ता केला आहे. कारखान्यात पंप घेतानाही तो असाच तक्ता करतो. त्याचं मत तारेचे गिअर, कारण ते बिघडले तर कुणीही दुरुस्त करेल. आम्हाला शिकवणारा सौरभ म्हणतो की दीदी, जमाना बदल गया, बॅटरीचेच घ्या. चार इमलीच्या सरकारी बंगल्यांतल्या, माझ्याबरोबर सराव करणाऱ्या अश्विनी म्हणतात की आधी माझी सायकल पंधरा दिवस चालवून बघ, मग बोल. मी ज्याचं ऐकते त्याचंच मला पटतं.

आता खरं सांगते. सकाळी माझी बोटं उघडत नाहीत. चहाचा कप दोन्ही हातांनी उचलते. तपासण्या झाल्या. तुला आहे तोच संधिवात आहे, औषध सुरू केलंय. डॉक्टरांनी व्यायामाला ना म्हटलेलं नाही. पण ही बोटं अशी किती वर्षं राहतील, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मला ही एक शर्यत तरी या हातांनी पुरी करायची आहे. घरी कुणालाच बोललेले नाही. बटण वेगासाठी हवंय असं विश्वनाथला वाटतं, म्हणून त्याच्या तक्त्यात सेकंद आहेत.

काय करू, ते तू सांग. तुझ्या सोबतीला असलेल्या कल्पनाताईंना नमस्कार. माझं गुपित तुला त्याच वाचून दाखवणार, तेव्हा त्यांनाही शपथ घाल.
तुझी माया अशीच माझ्यावर राहू दे.

तुझी,
मंजूषा

—

उज्जैन
२० सप्टेंबर २०२५

चि. सौ. मंजूषास,
शालिनीआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. कल्पनाने वाचलं, मी ऐकलं, मग पुन्हा वाचायला लावलं. तू इतकी सायकल-सायकल केली आहेस की मला वाटलं, लग्नाचं स्थळ आलंय. एकात गुण जास्त, दुसऱ्याचं घराणं चांगलं! (पत्र मी लिहीत असले तरी ही उपमा त्यांचीच आहे. — कल्पना)

माझा एकच प्रश्न. गिअर बटणाने बदलतील, मोटर बिचारी राबेल, सगळं मान्य. पण ब्रेक कोण दाबणार? तुझा नवरा तक्ता करतो, तो पोरगा जमाना बदलला म्हणतो, त्या साहेबीणबाई सायकल देतात. उतारावर थांबायचं कसं, हे कुणीच कसं विचारत नाही? मुली मैदानावर जोरात यायच्या तेव्हा मी शिट्टी फुंकायचे ती थांबण्यासाठी, पळण्यासाठी नाही.

दुखण्याचं वाचून वाईट वाटलं. औषध चुकवू नकोस. रिकाम्या पोटी घेऊ नकोस. थंड पाण्यात हात घालू नकोस. पोहायचं तर कोमट पाण्यात पोह. तलाव कोण कोमट करून देणार, ते मला विचारू नकोस.

माझ्या हातांचं तू विचारलेलं नाहीस, ते बरं केलंस. ठीक आहेत. (पदराखाली आहेत. — कल्पना)

विश्वनाथला सांगून टाक. घरच्या माणसापासून हात लपवता येत नाही. सासूबाईंना माझा नमस्कार. इकडचा ओढा होता तसाच राहू दे.

तुझी,
शालिनीआत्या

—

साकेत नगर, भोपाळ
५ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
मंजूषाचा नमस्कार. आधीच सांगते, मी धडधाकट आहे. कोपर आणि गुडघा सोललाय, बाकी काही नाही.

तुझ्या ब्रेकच्या प्रश्नाने माझी झोप उडाली. अश्विनींची सायकल आणली आणि पहिल्यांदा तेच पाहिलं. त्या ओणव्या सायकलवर गिअरची बटणं पुढच्या दांड्यांच्या टोकाला असतात आणि ब्रेक मात्र बाहेरच्या हँडलवर. म्हणजे तळव्यांवरचा भार कोपरं घेतात, हाताला सुख वाटतं, पण थांबायचं झालं की उठून बाहेर हात न्यायचा आणि तिथे घट्ट दाबायचं. सुख आणि धोका एकाच सायकलवर बसवलेत. मला काही कळेना.

तेवढ्यात खंडेनवमी आली. सासूबाईंनी विश्वनाथची मोजमापाची उपकरणं, माझं शिलाई मशीन, गाडीची किल्ली असं सगळं पाटावर मांडलं, शेजारी सायकल. हळदकुंकू, झेंडू, चाकाखाली लिंबू. सायकल दुसऱ्याची, तिला काही झालं तर चार इमलीत काय तोंड दाखवायचं, म्हणून त्यांनी दोन्ही दांड्यांच्या टोकांना नाडाछडी चांगली आवळून बांधली. बरोबर बटणांवर. पूजेतलं यंत्र दसऱ्याला सीमोल्लंघन होईपर्यंत हलवायचं नाही, हे तुला माहीतच आहे. तोवर बटणं दाबलेलीच राहिली. आत एवढासा सेल असतो, तो संपत आला. मला याची गंधवार्ताही नव्हती. मी धागा बाजूला सरकवला आणि शुक्रवारी सकाळी मंडीदीपच्या रस्त्याला लागले.

जाताना सगळं सुरळीत होतं. चढाच्या आधी बटण दाबलं तर काहीच झालं नाही. साखळी सगळ्यात जड गिअरवर अडकली. उतरून ढकलत न्यायला हवी होती. मी उभी राहून रेटत राहिले, हँडल आवळून. वर पोचले तेव्हा बोटांत काही उरलं नव्हतं. उतारावर ब्रेक दाबले आणि ते दाबले गेले नाहीत, आत्या. ब्रेक ठीक होते. माझीच बोटं मिटत नव्हती. समोर एक ट्रक वळत होता. मी सायकल कडेच्या गवतात घातली.

मी फोन केला तसा विश्वनाथ त्याच रस्त्यावरच्या त्याच्या कारखान्यातून पाच मिनिटांत आला. आधी मला सायकलबद्दल ओरडला, मग मला हेल्मेट काढायला सांगितलं. हनुवटीखालचा चाप मला उघडता येईना. मी प्रयत्न करत होते आणि तो बघत होता. मग त्याने तो उघडला आणि विचारलं, कधीपासून. मी सांगितलं. वाटेभर त्याने गाडी फार हळू चालवली. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या की बघा, नाडाछडी होती म्हणून वाचली.

आता विश्वनाथ म्हणतो, कुठलीच सायकल नको. सौरभ म्हणतो, सेल बदलला की काम झालं. मला दोघांचंही बरोबर वाटतं. तू रागावशील तर पत्रातच रागाव, फोन करू नकोस.

तुझी,
मंजूषा

—

उज्जैन
११ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. मंजूषास,
आशीर्वाद. आज ते थोडे कमी आहेत.

गाढव आहेस. पडलीस म्हणून नव्हे, सायकल पडायलाच असते. चढावर अडलीस तेव्हा उतरली नाहीस म्हणून. उतरून चालायला लाज वाटली? कुणाची? ट्रकवाल्याची?

तुझा नवरा समजूतदार आहे. हळू गाडी चालवणारा माणूस मला आवडतो. पण कुठलीच सायकल नको, हे त्याचं म्हणणं त्याच्याजवळच राहू दे. आता तू विचारशील, मग कुठली. मी दोन दिवस विचार केला. पहिल्या दिवशी वाटलं, तारेचीच घे, तारेला सेल लागत नाही. रात्री वाटलं, बोटं रेटून रेटून लवकर जातील, बटणच बरं. दुसऱ्या दिवशी वाटलं, विश्वनाथचंच खरं. खरं सांगायचं तर मला काही कळत नाही. वयाने कळतं असं लोक उगाच म्हणतात.

मी सायकल का सोडली, असं तू एकदा लहानपणी विचारलं होतंस. फ्रीगंजच्या पुलावर गर्दी फार वाढली होती, म्हणून. दुसरं काही कारण मला आठवत नाही. (आठवतं. — कल्पना)

कल्पनाला मधे मधे बोलायची सवय आहे. तिचं मनावर घेऊ नकोस. (हे वाक्य सांगताना त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. — कल्पना)

जखमेला हळद लाव. सासूबाईंशी भांडू नकोस. आणि लिहीत जा, या घरात तुझं पत्र येतं त्या दिवशी चहा दोनदा होतो.

तुझी,
शालिनीआत्या

—

साकेत नगर, भोपाळ
१७ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
मंजूषाचा मनापासून नमस्कार.

जखमा भरल्या. अश्विनींची सायकल परत केली. त्या हसल्या आणि म्हणाल्या की आमच्याकडे पूजा झालीच नव्हती, आता तरी झाली.

विश्वनाथने परवा नवा तक्ता केला. मला न दाखवता फ्रिजवर लावून कामाला गेला. त्यात सेकंद नाहीत. सकाळी बोटं कडक असताना ब्रेक किती सहज दबतो, थंडीत कसं, ओल्या हाताने कसं, असे रकाने आहेत. रविवारी आम्ही दोघं दुकानात जाऊन हातांनी दाबून बघणार आहोत, तोही आणि मीही. बटणाचे गिअर घ्यायचे, इथवर आमचं एकमत झालंय. तेल भरलेले ब्रेक असतात, ते एका बोटाच्या जोरावर लागतात म्हणे, तेही घ्यायचे. ओणवी सायकल की साधी, हे अजून ठरत नाही. सकाळी मला ओणवी हवी असते, कारण तळवे ठणकत असतात. संध्याकाळी साधी, कारण ब्रेक हाताशी हवेत. दुकानदाराने काल फोनवर विचारलं की मॅडम, फायनल काय ते सांगा. मी म्हटलं, फायनल काही नाही.

पण तक्ता बघताना मला कळलं की मी सगळ्यांना चुकीचं विचारत होते. या सायकलवर कुठला हात बसणार आहे, तेच मला माहीत नाही. फेब्रुवारीतला हात कदाचित आजच्यासारखाच असेल. पुढचा कसा असेल, हे आता विचारलं तर डॉक्टर टक्क्यांत सांगतात. मला टक्के कळत नाहीत. मला एक हात बघायचा आहे, आपल्याच घराण्यातला, ज्याने एवढी वर्षं हे काढलं आहे. गेली किती वर्षं तुझं अक्षर मी पाहिलेलं नाही. लग्नात तू दिलेल्या पाकिटावर शेवटचं पाहिलं, ठसठशीत होतं.

तू नाही म्हणशील. कल्पनाताईंकडून नाही म्हणवशील, तेही चार विनोद करून. पेन धरवत नाही, वेळ नाही, डोळे दुखतात, काहीही सांगशील. तरी मागते. पुढच्या पत्रात दोनच ओळी तुझ्या हाताने लिही. वाकड्या असू देत, एकमेकींवर चढू देत, वाचता नाही आल्या तरी चालेल. मी त्या कुणालाही दाखवणार नाही.

तुझी,
मंजूषा